दिसत नाही म्हणून नाही? म्हातारं मांजर, त्याचं दुखणं आणि आपला निर्णय

गेल्या वेळी आपण प्रमाणांविषयी बोलत होतो. एखादी गोष्ट आपल्याला खरोखर कळली, असं केव्हा म्हणता येतं, हा तेव्हाचा विषय होता. त्यानंतर एका श्रोत्या बाईंची चिठ्ठी आली. त्यांची मांजरी १५ वर्षांची आहे. न्यायची टोपली बाहेर काढली की ती पलंगाखाली शिरते, दवाखान्यात ओरबाडते आणि घरी आल्यावर दिवसभर कुणाजवळ येत नाही. बाई विचारतात, "तिला काही होतंय असं दिसत नाही, मग उगाच कशाला न्यायचं? आणि होत असेल, तर ते ओळखायचं कसं?"

आजचं व्याख्यान याच प्रश्नावर. जो जीव बोलू शकत नाही त्याच्या वतीनं निर्णय घ्यायचा, ही काही लहान गोष्ट नाही.

"काही होतंय असं दिसत नाही" या वाक्यापासून सुरुवात करू. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही, हे ते ज्ञान. पण त्याला एक अट आहे. घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता मांजराकडे वळू. मांजर शिकार करतं, तसं मोठ्या जनावरांची शिकारही होतं. एकट्यानं राहणाऱ्या पूर्वजांकडून आलेला त्याचा स्वभाव दुखणं लपवण्याचा आहे. ते कण्हत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं. आपण म्हणतो, "वय झालं, झोपतं बिचारं." २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा ९० मांजरांत सांध्यांच्या किंवा मणक्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणजे दुखतंच असं नाही, हे खरं. पण यांतली किती मांजरं घरात लंगडताना दिसली असतील? मूत्रपिंडांचंही तसंच. त्यांची निम्म्याहून जास्त क्षमता जाईपर्यंत बाहेरून फारसं काही जाणवत नाही. म्हणजे मांजराच्या बाबतीत आपण काळोख्या खोलीत उभे आहोत. तिथे "दिसत नाही" म्हणजे "नाही" असं होत नाही.

मग करायचं काय? आधी उजेड करायचा. दुखणं असेल तर दिसेल, अशी व्यवस्था घरातच करायची.

पहिली गोष्ट वजन. बाळांचा वजनकाटा असेल तर उत्तम. १५ दिवसांनी एकदा वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन उतरणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो उतरणं. केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. दुसरी गोष्ट श्वास. मांजर गाढ झोपलेलं असताना एका मिनिटात पोट किती वेळा वरखाली होतं ते मोजा. आकडा वारंवार ३० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना कळवा. तिसरी गोष्ट पाणी आणि लघवी. लिटरमधले ओले गोळे मोठे किंवा जास्त व्हायला लागले का, ते पाहा.

चौथी गोष्ट चेहरा. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. १० पैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाची गरज असू शकते. मांजर जागं आणि शांत असताना पाहायचं. झोपेत किंवा खाताना नाही.

आता निर्णय. याचे दोन भाग करू.

काही लक्षणांत विचार करत बसायचंच नाही. मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय. वारंवार लघवीला बसतंय, जोर करतंय, पण लघवी होत नाही. बोक्यांमध्ये हा मार्ग बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मागचे पाय अचानक लुळे पडले. झटके आले. अचानक दिसेनासं होऊन भिंतीवर आपटायला लागलं. अशा वेळी रात्र असली तरी निघायचं. २४ तास काहीच खाल्लं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचत जाते.

दुसऱ्या भागात काही दिवसांत दाखवायच्या गोष्टी येतात. भरपूर खाऊनही वजन उतरणं (थायरॉइड किंवा मधुमेह असू शकतो), पाणी जास्त पिणं, उडी मारणं सोडणं, अंग चाटणं कमी होऊन केसांच्या गाठी होणं, लिटरच्या बाहेर घाण करणं, तोंडाला वास, रात्री ओरडणं. आणि यातलं काहीही दिसलं तरी घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही. माणसाच्या गोळीचा छोटा तुकडासुद्धा मांजराला मारू शकतो.

"पण तिला तिथे किती त्रास होतो!" हा आक्षेप खोटा नाही. मात्र त्यात आपलाही त्रास मिसळलेला असतो. रिक्षातलं ओरडणं, ओरखडे, खर्च आणि डॉक्टर काय सांगतील याची भीती. तो वेगळा काढून पाहावा. उगाच नेलं तर तिचे एक-दोन दिवस वाईट जातात. न्यायला हवं असताना नेलं नाही, तर महिनोन्‌महिने दुखणं सोसावं लागतं. यातली पहिली चूक भरून निघते.

शिवाय ही भीती कमी करता येते. टोपली माळ्यावर ठेवू नका. आत तिचं अंथरूण घालून ती घरात कायम उघडी ठेवा, अधूनमधून खाऊही आतच द्या. वरचं झाकण निघणारी असेल तर तपासणी खालच्या भागात बसल्याबसल्या होते. जाताना वर टॉवेल टाका. गर्दी नसलेली वेळ मागून घ्या. निघण्याआधी घरी द्यायचं शांत करणारं औषध डॉक्टरांना विचारा. ते तिची मूत्रपिंडं लक्षात घेऊन मात्रा ठरवतील. चालण्याचा, खोकण्याचा व्हिडिओ आधीच पाठवा. घरी येणारे डॉक्टर मिळाले तर आणखी चांगलं. १० वर्षांनंतर दर ६ महिन्यांनी तपासणी करावी, असं पशुवैद्यक सांगतात. त्या एका खेपेतच रक्त, लघवी, रक्तदाब, दात, नखं सगळं उरकून घ्यावं.

शेवटचा मुद्दा. डॉक्टरकडे नेलं म्हणजे सगळे उपचार करायचं कबूल केलं, असं होत नाही. "शस्त्रक्रिया नको, फक्त वेदना कमी करा" असं म्हणता येतं. पुढे कधी तिला शांतपणे जाऊ द्यावं का, हेही विचारता येतं. उपचार थांबवणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. पण काय झालंय हे जाणून न घेता थांबणं म्हणजे निर्णय टाळणं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे डोळे आपण मिटतो आणि सोसतं ते.

म्हणून एक काम आजच करा. मांजर बरं असताना, डोकं शांत असताना, कागदावर लिहा: यातलं काय दिसलं तर त्याच दिवशी निघायचं आणि काय दिसलं तर आठवड्याच्या आत. खाली डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन लिहा. प्रत्यक्ष वेळ आली की आपण सगळेच "उद्या बघू" म्हणतो. तो कागद तसं म्हणणार नाही.

पुढच्या वेळी अनुमानाकडे वळू.