शेगडीची ऊब आणि तिची अट

पौष लागला की आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांतून माळ्यावरची शेगडी खाली उतरते. संक्रांतीचा हलवा मंद निखाऱ्यावरच काढावा, हा गृहिणींचा पिढीजात आग्रह. त्यात काही चूक आहे असेही नाही. परातीतील तिळांवर चमचा चमचा पाक सोडीत बोटांनी हलवीत बसावे, तेव्हा कुठे काटा धरतो. आणि निखाऱ्यासारखी संथ, एकसारखी धग गॅसच्या ज्योतीपासून सहसा मिळत नाही.

यंदा मात्र आमच्याकडे शेगडी उतरली ती हलव्यासाठी नव्हे. कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी हवी म्हणून सौभाग्यवतींनी बाजारातून कोळशाच्या वड्यांची पिशवीही आणून ठेविली. ती पिशवी पाहिली आणि मला १९८० सालच्या हिवाळ्यातील एक पहाट आठवली.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. काकू बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. थंडी कडाक्याची, म्हणून आजीने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, उंबऱ्याशी गोधडी लाविली आणि खाटेखाली शेगडी सरकविली. पहाटे पाहतो तो काकू ग्लानीत, बोलणे असंबद्ध; बाळ दूध ओढीना. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले बाहेरची बाधा. आजी मीठमोहऱ्या उतरू लागली. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतील डॉक्टर आले. त्यांनी नाडीला हात लावण्यापूर्वी दोन्ही खिडक्या उघडल्या आणि शेगडी अंगणात नेवविली. मग रुग्णालय, प्राणवायू, आणि दोन दिवसांची घालमेल. दोघेही वाचली. आजी मात्र पुढे कित्येक दिवस एकच वाक्य बोलत राहिली : "अरे, पण खोलीत धूर मुळीच नव्हता!"

या वाक्यातच सारी गोम आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी आपली समजूत असते. लाकूड धुरकटते, डोळे चुरचुरतात आणि माणूस आपोआप दार उघडतो. कोळसा एकदा फुलला की धूर देत नाही. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. शेगडीवर ज्या इवल्या निळ्या ज्योती नाचताना दिसतात, तो हाच वायू जळत असतो. शेगडी मंदावते, त्या ज्योती मावळतात, तेव्हा तो न जळताच खोलीत पसरतो. आपण मात्र 'आता आग शांत झाली' म्हणून निर्धास्त पांघरूण ओढून घेतो.

रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, मग ग्लानी असा क्रम असतो. झोपलेल्या माणसाला तर यांपैकी काहीच कळत नाही. गर्भवती आणि तान्ही मुले यांना धोका विशेष. कोरोनाच्या साथीनंतर बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरोघरी आले आहे. परंतु नेहमीच्या यंत्राला या दोन वायूंतला फरक ओळखता येत नाही. आकडा चांगला दिसला तरी माणूस गुदमरत असू शकतो. तेव्हा आकड्याची वाट न पाहता त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि तडक रुग्णालय गाठावे.

आता या वड्यांविषयी, ज्यांना बाजारात ब्रिकेट म्हणतात. कल्पना आपल्याला नवी नाही. पोत्याच्या तळाशी उरलेला चुरा माती-शेणात कालवून त्याचे गोळे उन्हात वाळविणाऱ्या स्त्रिया आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. कारखान्यात लाकडी कोळशाची किंवा करवंट्यांच्या कोळशाची भुकटी पिठाच्या खळीत मळून, दाबून, वाळवून वड्या करतात. आकार सारखा असल्याने त्या एकसारख्या आणि दीर्घकाळ जळतात. मात्र वडी झाली म्हणून विषारी वायू निघत नाही, असे मुळीच नाही.

कोळशाचा दुसरा गुण आणखी छुपा आहे. ताजा कोळसा हवेतील प्राणवायू शोषून घेतो आणि तसे करताना स्वतः तापतो. पातळ थरातील उष्णता निघून जाते. मोठ्या ढिगाच्या पोटातली कोंडून राहते, वाढते आणि काडी न लावताही ढीग पेट घेऊ शकतो. २०१५ ते २०२२ या आठ वर्षांत कंटेनर वाहणाऱ्या जहाजांवर कोळशामुळे निदान ६८ आगी लागल्याची नोंद आहे. म्हणूनच सागरी वाहतुकीचे नवे आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक ठरविण्यात आले. त्यांनुसार तयार झालेला कोळसा भरण्यापूर्वी चौदा दिवस हवेवर निववावा लागतो, भरताना त्याचे तापमान ४० अंश सेल्सियसहून अधिक चालत नाही, आणि कंटेनरच्या छताखाली ३० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी लागते.

आपल्या घरच्या पाच किलोंच्या पिशवीला एवढा बंदोबस्त नको. पण धडा तोच. पिशवी कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, रॉकेल आणि देवघरातील दिव्यापासून दूर असावी. झाकणाचा पत्र्याचा डबा असल्यास उत्तम. शेगडी पेटवावी ती अंगणात किंवा गच्चीवर. पेटत्या निखाऱ्यांवर रॉकेल कधीही ओतू नये. विझविताना पाणी ओतले तर वाफ आणि तापलेली राख अंगावर उडते. त्यापेक्षा निखारे पत्र्याच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावावे आणि डबा उघड्यावरच ठेवावा. राखेखालचा निखारा कित्येक तास जिवंत असतो. ती राख प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा केराच्या टोपलीत त्याच दिवशी टाकू नये. सहलीहून परतताना अर्धवट जळलेला कोळसा 'निवला' म्हणून मोटारीत ठेवणे हा तर दुहेरी धोका : आगीचाही आणि वायूचाही.

हे सारे मी आईला सांगितले. मनात धाकधूक होती. ऐंशी वर्षांच्या माणसाला रीत मोडायला सांगणे सोपे नसते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला काय सांगतोस? त्या पहाटे बाळाला खोलीबाहेर मीच आणले होते. शेगडी राहू दे ओसरीवर. तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापवायची, आपल्या गालाला लावून पाहायची, आणि मग आत न्यायची. शेक बाळंतिणीला हवा. आगीला खोलीत काय काम?"

मी जे चार परिच्छेदांत मांडले, ते तिने एका वाक्यात सांगितले. आमची शेगडी आता ओसरीवर आहे. ज्यांच्या घरी या थंडीत ती पेटेल, त्यांनी शेगडीची ऊब अवश्य घ्यावी. पण तिची अट विसरू नये. ती जागी असेल तेथे दार उघडे हवे, आणि आपण झोपू तेथे ती नको.