भाव किती वाढवावा? विचारा वर्गसमीकरणाला!

मैत्रिणींनो, “गणित हा काही आपला प्रांत नव्हे बाई!” असे आपण किती सहज म्हणून जातो. पण दुधाचे खाडे, भिशीचे हप्ते, वाण्याची उधारी हे सारे तोंडी कोण करते? आपणच ना?

याचा खणखणीत दाखला सातारा जिल्ह्यातच आहे. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण काय, तर बायका निरक्षर! त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा जाऊन म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनी यंत्राशिवाय काढावे! 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनीच ही हकीकत सांगितली आहे.

हे तोंडी व्याज म्हणजेच रेषीय समीकरण, बरे का! समजा, 5,000 रुपये महिना शेकडा दोनने, सरळव्याजाने घेतले. महिन्याचे व्याज 100 रुपये. म्हणजे ‘क्ष’ महिन्यांनी देणे झाले 5,000 + 100क्ष. सहा महिन्यांनी 5,600, वर्षाने 6,200. दर महिन्याला वाढ तेवढीच, म्हणून आलेखात सरळ रेघ येते.

आता या पैशातून तुम्ही सांगलीचे भडंग करून विकू लागलात, असे धरा. पुड्याला सामानाचा खर्च 20 रुपये, विक्री 40 ला, आठवड्याला 60 पुडे खपतात. नफा 1,200 रुपये. भाव वाढवावा का? वाढवला तर गिऱ्हाईक तुटते! समजा, एका रुपयामागे दोन पुडे कमी खपतात. भाव ‘क्ष’ रुपयांनी वाढवला, तर

नफा = (20 + क्ष) × (60 − 2क्ष)

इथे ‘क्ष’ला ‘क्ष’ने गुणावे लागते, म्हणून हे वर्गसमीकरण. यात रेघ सरळ जात नाही. चढते, माथ्यावर पोचते आणि उतरते. पाहा:

40 रुपये भाव: 60 पुडे, नफा 1,200
45 रुपये भाव: 50 पुडे, नफा 1,250
50 रुपये भाव: 40 पुडे, नफा 1,200
55 रुपये भाव: 30 पुडे, नफा 1,050

यातली खुबी लक्षात आली का? 40 आणि 50 या दोन भावांना नफा सारखाच, म्हणून माथा बरोबर त्यांच्या मधोमध, 45 वर. सूत्र पाठ नसले तरी चालेल!

आणखी एक. 40 च्या भावात जेवढा नफा, तेवढाच 50 च्या भावात. पण 20 पुडे कमी करावे लागतात. तेवढा वेळ शेगडीपुढून सुटका! आपल्या कष्टांची किंमत हिशेबात कुणी धरत नाही, ती आपणच धरायला हवी, नाही का?

मात्र ‘एका रुपयामागे दोन पुडे’ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. तुमचा आकडा तुमच्याच वहीत मिळेल. भाव बदलला की दोन-तीन आठवडे खप लिहून ठेवा, मग मांडा समीकरण. दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. पुस्तकातली शाब्दिक उदाहरणे नकोशी वाटणारे पोर घरच्या भडंगाचे उदाहरण आवडीने सोडवील, आणि आईला गणित येते हेही त्याला कळेल!