सपाटीचा वेग आणि घाटाचा हिशेब

तापीकाठचे सुरत शहर सपाट प्रदेशात वसलेले आहे. तेथील हौशी सायकलस्वारास खरा चढ भेटतो तो डांग जिल्ह्यात. सुरतेहून सुमारे १६० किलोमीटरवरील सापुतारा समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे.

दीर्घ पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' या उपक्रमात क्रमांक लावले जात नाहीत. ठरलेल्या मुदतीत अंतर पुरे करावयाचे असते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार २०० किलोमीटरसाठी साडेतेरा, तर ३०० किलोमीटरसाठी २० तास मिळतात. विश्रांती, भोजन व दुरुस्ती यांचा वेळही त्यातच धरला जातो.

म्हणून हिशेब आधीच मांडावा. २०० किलोमीटरपैकी सपाटीचे पहिले १०० किलोमीटर पाच तासांत संपविल्यास डोंगराळ भागासाठी साडेआठ तास उरतात. तेथे थांबे धरून ताशी १२ किलोमीटरची सरासरीही पुरते. मात्र सपाटीवर अतिवेग केल्यास घाटात पाय थकतात व वाचविलेला वेळ तेथेच खर्ची पडतो. चढावर हलका गिअर घ्यावा आणि थोडेथोडे खात-पीत राहावे. उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणापूर्वीच वेग कमी करावा. वेळेत पोहोचणे महत्त्वाचे खरे. सुखरूप पोहोचणे त्याहून अधिक.