पावसातला कातळ

आषाढ लागला की मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळी शनिवारी पाठीवर पिशव्या बांधून सह्याद्रीची वाट धरतात. परंतु हिवाळ्यात ज्या कड्यांवर ती दोर लावून चढतात, तेच कडे आता त्यांना परके झालेले असतात. असे का व्हावे, हे उमजण्यासाठी त्या कातळाची घडण पाहिली पाहिजे.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनला. घट्ट थरांचे उभे कडे झाले. सच्छिद्र थर झिजून त्यांच्या उतरत्या पायऱ्या झाल्या. रस निवताना आकसला, तेव्हा त्याला उभ्या भेगा पडल्या. कोरड्या दिवसांत आरोहकाची बोटे ज्या भेगेवर विसंबतात, तिच्यातूनच पावसाचे पाणी आत शिरते आणि धोंडे खिळखिळे करते. एरवी पावलाला घट्ट धरणाऱ्या या काळ्या पाषाणावर शेवाळ चढले की पाय ठरत नाही. नायलॉनचा दोरही भिजला म्हणजे जड होतो आणि झटका सोसण्याचे त्याचे बळ घटते. जाणते आरोहक पावसाळ्यात अवघड कडे वर्ज्य मानतात ते यामुळे. त्यात भित्रेपणा मुळीच नाही.

मग उरते ती चाल, आणि ती काही कमी प्रतीची नव्हे! लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी सुमारे १५ किलोमीटरांची वाट घ्या. ती बरीचशी माथ्यामाथ्याने जाते. कर्जतच्या बाजूने कोंडिवड्याहून यावे, तर कोंडाण्याची लेणी ओलांडून रानातून दमछाक करणारी चढण लागते. वर उधेवाडी गाव. त्याच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. धुके असे दाटते की दोन्हीही दिसत नाहीत. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी इथल्या उतारांवर माजलेली असते. तिचे चिवट दांडे निसरड्या वाटेवर हाताला आधार देतात.

या वाटेवर खरे भय ओढ्यांचे. घाटमाथ्यावर दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस पडणे आषाढात नवलाचे नाही. कातळावर मातीचा थर पातळ. पाणी मुरत नाही, धावते. वर कोसळलेली सर खालच्याला दिसतही नाही आणि घोट्याएवढा ओढा पाहता पाहता कमरेला लागतो. पाणी गढूळ होणे, काटक्या-पाला वाहत येणे, आवाज जड होणे या त्याच्या खुणा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तो दिवस रविवार होता.

रविवारची संध्याकाळ हीच या भटकंतीतली कठीण वेळ. शनिवारी सहज ओलांडलेला ओढा परतताना फुगलेला असतो, आणि सोमवारी कचेरी गाठायची असते. अंगात थकवा, कपडे ओलेचिंब, दिवस मावळत आलेला. अशा वेळी हातांची साखळी करून पाण्यात उतरण्याचा मोह होतो. वास्तविक हे ओढे जसे चटकन चढतात तसेच, पाऊस थांबला म्हणजे, काही तासांत उतरतातही. तोवर उधेवाडीत परतणाऱ्यांना एखाद्या घरी चुलीजवळ जागा मिळते, पिठलेभाकरी मिळते. सोमवारची गाडी तेवढी चुकते.