ग्रंथालय-संशोधनात दिव्यांग वाचकांचे स्थान

ग्रंथालयाच्या उपयोगाचा अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा सभासद-नोंदवहीपासून आरंभ करतो. तीतून नमुना निवडावा, छापील प्रश्नावली वाटावी आणि उत्तरांची कोष्टके मांडावीत, ही आपली रूढ रीत होय. या रीतीत दिव्यांग वाचक गळतो तो विश्लेषणाच्या वेळी नव्हे, तर नमुना निवडण्याच्या पहिल्याच पायरीवर. जिना चढता न आल्यामुळे जो सभासदच झाला नाही, त्याचे नाव नोंदवहीत कोठून असणार? मग 'अशा वाचकांची मागणी आढळली नाही' असा निष्कर्ष निघतो आणि तो प्रामाणिकही वाटतो.

पालघर व बोईसर-तारापूर या टापूचे उदाहरण घेऊ. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. म्हणून २०११ च्या जनगणनेतील येथील दिव्यांगांची संख्या ठाणे जिल्ह्याच्या आकड्यात मिसळलेली आहे. ते प्रमाण जसेच्या तसे येथे लावणे धोक्याचे होईल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी प्रौढ वयात, अपघाताने दृष्टी गमावलेला कामगार भेटला, तर त्याला ब्रेल येत असेलच असे नाही. तो परप्रांतातून आलेला असल्यास त्याची वाचनाची भाषाही निराळी. अंध म्हणजे ब्रेल, हे समीकरण आपल्या प्रश्नावल्यांत फार सहजपणे शिरते. जन्मतः बहिऱ्या व्यक्तीस तर छापील मराठी हीच परभाषा वाटू शकते. तेथे खुणांच्या भाषेचा दुभाषी हवा.

तेव्हा नमुना ग्रंथालयाबाहेरून, विशेष शाळा, ग्रामपंचायती व कामगारवस्त्या यांच्याद्वारे मिळवावा लागेल. घरी गेल्यावर आणखी एक अडचण उभी राहते. प्रश्न अंध मुलीला विचारावा आणि उत्तर तिच्या भावाने द्यावे! असे उत्तर टाकून देऊ नये, परंतु ते वेगळ्या रकान्यात नोंदवावे.

संमतीचा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ६ अन्वये, दिव्यांग व्यक्ती संशोधनाचा विषय असेल तेव्हा तिला समजेल अशा माध्यमातून मुक्त व माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते. शिवाय विहित समितीची पूर्वपरवानगीही लागते. त्या समितीचे निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग, अथवा नोंदणीकृत दिव्यांग-संस्थांचे सदस्य असावयाचे असतात. आपल्या प्रबंधांची संमतिपत्रे मात्र अद्याप बारीक टाइपातच छापली जातात.

'ग्रंथ उपलब्ध आहे काय?' हा प्रश्नही अपुरा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात दिव्यांगांसाठी सुगम प्रती करण्यास सवलत मिळाली. पण पानांची नुसती छायाचित्रे संगणकावर ठेवली, तर पडदावाचक प्रणालीला त्यांत एकही अक्षर दिसत नाही. प्रश्नावली संगणकावर असेल, तर ती वाटण्यापूर्वी एखाद्या अंध सहकाऱ्याकडून भरून घ्यावी. तो जेथे अडेल, तेथे तिची दुरुस्ती सुरू होते.