मुलींच्या हाती पक्कड देऊ या

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी लसूण सोलत. हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज हप्ता, कर्ज, व्याज यांबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलींबद्दल आणि विज्ञानाबद्दल.

विज्ञान म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "ते काय आपल्याला कळतंय?" मग एक सांगा. पांढऱ्या कपड्यावर कालवणाचा पिवळा डाग पडला आणि त्याला साबण लावला, तर डाग कसा होतो? लाल. धुऊन उन्हात टाकला की हळूहळू फिका पडतो. हे आपण लहानपणापासून बघतोय. ही हळदीची करामत आहे. साबण, चुना, धुण्याचा सोडा असल्या पदार्थांशी गाठ पडली की हळद लाल होते, आणि वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी होते. शाळेच्या पुस्तकात हळदीला 'नैसर्गिक दर्शक' म्हणतात. म्हणजे पुस्तकातला धडा आपल्या मोरीत घडतोय. आपल्याला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट आठवा. शेतातली मोटर बंद पडते. घरचे पुरुष ती उघडतात. तेव्हा बॅटरी कोण धरतं? दहा वर्षांचा पोरगा. "पाना दे" म्हटलं की तो पाना देतो. पाना कुठला, पक्कड कुठली, कुठला स्क्रू कुठं बसतो, हे तो बघून शिकतो. मुलगी त्या वेळी चहा ठेवायला घरात गेलेली असते. पुढं शाळेत सर विजेचा धडा शिकवतात, तेव्हा मुलाला वायर आणि स्विच ओळखीचे वाटतात, मुलीला परके. मग सगळे म्हणतात, मुलींना हे जमत नाही. मैत्रिणींनो, डोकं कमी नसतं, हाताला ओळख नसते. ही ओळख करून द्यायचं काम आपला गट करू शकतो. आम्ही ते चुकत चुकत केलं. त्या चुकांसकट सांगतो.

आम्ही पाचवी ते दहावीच्या मुलींना दर रविवारी सकाळी दहा वाजता समाजमंदिरात बोलावलं. पहिल्या रविवारी चौदा मुली आल्या, तिसऱ्या रविवारी चार. आम्हाला वाटलं, मुलींना गोडी नाही. मग एकीनं सरळ सांगितलं, "रविवारी सकाळी धुणं असतं, धाकट्याला कोण बघणार?" तेव्हा वेळ दुपारी चारची केली आणि धाकट्या भावंडांना घेऊन यायला मोकळीक दिली. गटातली एक जण त्यांना सांभाळते. मुली परत आल्या.

दुसरी चूक अशी की मुलांनाही सोबत घेतलं. सामान मांडलं की मुलं आधी उचलायची आणि मुली बाजूला बसून वहीत लिहून घ्यायच्या. म्हणून पहिले सहा महिने फक्त मुली ठेवल्या. आता मुलंही येतात, पण हत्यार आधी मुलीच्या हातात, हा नियम आहे. तिसरी चूक, शाळेसारखं व्याख्यान ठेवलं. आता आधी करायचं, मग बोलायचं.

काय करायचं, तर तीन गोष्टी सांगतो. तुमच्या गावातही होतील.

पहिली, पावसाचं माप. सरळ अंगाची एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून बाटलीत नरसाळ्यासारखा बसवा. तळाशी खडे घाला, म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही. खडे बुडून वर सरळ भागापर्यंत पाणी ओता आणि तिथं रेघ मारा. ते शून्य. रेघेच्या वर मोजपट्टीवरचे मिलीमीटर उतरवलेली पट्टी चिकटवा. झाडाखाली किंवा वळचणीखाली नको, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी आकडा वहीत लिहायचा आणि पाणी पुन्हा रेघेपर्यंत आणायचं.

आता त्याचा हिशोब बघा. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. घरावरचा पत्रा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असला, तर ५० चौरस मीटर झाले. १० मिलीमीटर पाऊस पडला की त्या एका पत्र्यावर ५०० लिटर पाणी पडतं. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर तेहतीस हंडे. मुलींनी हे गणित फळ्यावर मांडलं, त्या दिवशी आम्ही बायकाच गप्प झालो. उन्हाळ्यात एकेका हंड्यासाठी आपण किती चालतो! त्या वर्षी आमच्यातल्या दोघींनी पत्र्याला पन्हाळी लावून खाली टाकी ठेवली.

दुसरी, विजेचं बिल. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं यंत्र एक तास चालणं. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला नऊ युनिट. नऊ वॅटचा एलईडी तितकाच वेळ लावला, तर दीड युनिटाच्या आत. मुलींनी आपापल्या घरी हा हिशोब करून वडिलांना दाखवला. घरात मुलीच्या शब्दाला वजन येतं ते असं.

तिसरी, बॅटरी उघडणं. बिघडलेली बॅटरी, दोन सेल, आतला छोटा दिवा, हातभर वायर आणि पक्कड. दिवा का लागत नाही? सेल उलटा आहे का, स्प्रिंग गंजली आहे का, दिवा उडाला आहे का? एकेक तपासत जायचं आणि दोष शोधायचा. हीच खरी विज्ञानाची रीत. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सगळं सेलवरच करायचं, घरातल्या विजेला हात लावायचा नाही.

शिकवायचं कुणी? शाळेतले विज्ञानाचे सर किंवा मॅडम महिन्यातून एकदा येतात. बाकी गावातली माणसं आहेतच. वायरमन, गवंडी, पशुवैद्य, आशाताई. आशाताईंनी मुलींना सांगितलं की जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, आणि लिंबू पिळलं तर जास्त लागतं. त्या रात्री कितीतरी घरांत जेवणानंतरचा चहा मागे पडला.

ही काही आमचीच कल्पना नव्हे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. तिथून शाळांसाठी जो कार्यक्रम निघाला, त्यात आठवी ते दहावीची मुलं-मुली आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, अन्न-आरोग्य अशी कामं शिकतात. मुलगी आहे म्हणून तिला फक्त स्वयंपाक असं तिथं नाही.

आता जरा जड गोष्ट सांगायची आहे.

आमच्या रविवारच्या एका मुलीकडे पावसाची वही होती. दोन पावसाळे तिनं एक दिवस चुकवला नाही. दहावीला चांगले मार्क पडले. तिला सायन्सला जायचं होतं. पण कॉलेज तालुक्याला, प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटणार आणि शेवटची एसटी चुकली तर अंधार. घरच्यांनी नाही म्हटलं आणि घरी बसवलं. आम्हाला कळलं तेव्हा प्रवेशाच्या तारखा गेल्या होत्या. ती वही परत द्यायला आली, तेव्हा आमच्या लक्षात आलं की दोन वर्षं आपण मुलीशी बोललो, पण तिच्या वडिलांशी आणि आजीशी एकदाही बोललो नाही. पुढच्या वर्षी गेलो, पण तोवर घरच्यांचं मन वळवता आलं नाही. आज ती रविवारी लहान मुलींना पावसाचं माप शिकवते. फार छान शिकवते. पण तिचं जे राहिलं, ते राहिलंच.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. दहावीच्या मुलींच्या घरी जानेवारीतच जातो. आजीला आधी भेटतो. आम्ही तिघी कॉलेजातही गेलो आणि बाहेरगावच्या मुलींना प्रॅक्टिकलची आधीची तुकडी द्या म्हणून विनंती केली. ती मान्य झाली. एसटीच्या वेळेसाठी ग्रामपंचायतीतून सह्यांचा अर्ज दिला. संध्याकाळी फाट्यावर गटातली एक जण पाळीनं उभी असते. त्या वर्षी दहावीच्या पाच मुलींपैकी तिघी सायन्सला गेल्या, एक पॉलिटेक्निकला.

तुम्हाला कमला सोहोनी यांची गोष्ट सांगतो. माहेरचं आडनाव भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त त्या पहिल्या आल्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तर प्रमुख सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. नोबेल मिळालेला एवढा मोठा माणूस, पण कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवून घेतलं. त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि तिथं मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढं त्यांनी डाळी आणि नीरा यांतल्या पोषणावर काम केलं. त्यांचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले होते. घरात पाठबळ होतं. आपल्या मुलींच्या घरात असा काका नाही. ते पाठबळ गटानं द्यायचं.

पैशाची वाटही बघून ठेवा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये मिळतात. शाळेला जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारनं माफ केली आहे. कोणत्या वर्गाला, कोणत्या प्रवेशाला, या अटी कॉलेजात नीट विचारून घ्या आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. दहावीनंतर अकरावी सायन्स घ्यायचं, तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा की आयटीआय, हे मुलीशी बोलून ठरवा. सायन्स घेतलेल्या मुलीला पुढं आर्ट्सला जाता येतं. आर्ट्सहून इंजिनिअरिंगला मात्र येता येत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत तीन कामं करा. गावातल्या पाचवी ते दहावीच्या मुलींची यादी काढा. रविवारची वेळ मुलींना विचारून ठरवा. आणि दहावीत असलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी कोण जाणार, त्या ताईचं नाव यादीत तिच्यापुढं लिहा.

आणि आजच्या आज एक करा. संध्याकाळी घरात काही बिघडलं आणि दुरुस्तीला काढलं, तर बॅटरी धरायला मुलीला बोलवा. चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल.