विषाणू मारा, कंपवात बरा?

‘पार्किन्सन्स हा व्हायरसचा आजार निघाला म्हणे. मग गुळवेल, तुळस, हळद सुरू करायला काय हरकत आहे? नैसर्गिक अँटिव्हायरलच आहेत की!’ जयपूरमधल्या मराठी घरांत हल्ली हे सारखं ऐकू येतं. बोलणारी माणसं अडाणी नसतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले असतात, कुणी कॉलेजात शिकवलेलं असतं. घरात कुणाचा तरी हात थरथरत असतो, पावलं जमिनीला चिकटल्यासारखी अडत असतात, आणि फोनवर अशी एखादी बातमी येऊन पडते. त्यांची घालमेल कळते. पण या विधानाचा पहिला भाग अर्धवट आहे, दुसरा चुकीचा आहे आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर मारलेली उडी तर महागात पडणारी आहे.

आधी बातमी काय होती ते पाहू. जुलै 2025 मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या इगोर कोरालनिक यांच्या गटाने ‘जेसीआय इनसाइट’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पार्किन्सन्सने, म्हणजे कंपवाताने, आजारी असलेल्या 10 जणांचे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू त्यांनी तपासले. त्यांपैकी 5 मेंदूंत ‘ह्यूमन पेगीव्हायरस’ नावाचा विषाणू सापडला. पार्किन्सन्स नसलेल्या 14 मेंदूंत तो एकातही नव्हता. शोध महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण उरलेल्या 5 रुग्णांच्या मेंदूत हा विषाणू नव्हता आणि पार्किन्सन्स मात्र होता, हे फॉरवर्ड करणारा सांगत नाही. शिवाय हा विषाणू रक्तातून पसरतो, धडधाकट रक्तदात्यांच्या रक्तातही अधूनमधून सापडतो आणि आजवर निरुपद्रवी मानला गेला आहे. उलट एचआयव्हीच्या रुग्णांत तो असेल तर त्यांचा आजार काहीसा धिम्या गतीने वाढतो, असं दिसलेलं आहे. तो मेंदूत आजार घडवायला शिरला, की आजाराने आधीच पोखरलेल्या मेंदूत त्याला आयती जागा मिळाली, हे 24 मेंदूंवरून ठरत नाही. संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. ‘सिद्ध झालं’ हा शब्द मथळा लिहिणाऱ्याचा.

विषाणू आणि कंपवात यांचं नातं मात्र अजिबात काल्पनिक नाही. 1917 साली व्हिएन्नात डॉ. फॉन इकोनोमो यांनी मेंदूज्वराच्या एका विचित्र साथीचं वर्णन केलं. रुग्ण गुंगीत जात. जे वाचले त्यांतल्या अनेकांना पुढे कंपवातासारखं आखडलेपण आलं. डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी 1969 मध्ये न्यूयॉर्कला अशाच रुग्णांना लेव्होडोपा हे पार्किन्सन्सवरचं औषध दिलं आणि त्यावर ‘अवेकनिंग्ज’ हे पुस्तक लिहिलं. ही साथ 1918 च्या इन्फ्लुएंझाचीच सावली, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. प्रत्यक्षात जपून ठेवलेल्या मेंदूंच्या नमुन्यांत त्या फ्लूचा विषाणू शोधला, तो सापडला नाही.

आपल्याकडचं उदाहरण जॅपनीज एनसेफलायटिसचं. हा विषाणू मेंदूतल्या ज्या भागावर घाव घालतो, त्यात ‘सबस्टान्शिया नायग्रा’, म्हणजे डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा पट्टाही असू शकतो. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण 1999 मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त नोंदवले. पण हा झाला पार्किन्सनिझम: लक्षणं कंपवाताची, कारण ठाऊक, सुरुवात तापानंतर लगेच. काहींत तो महिन्यांनी बराच ओसरतोही. साठीत हळूच एका हातात शिरणारा आणि वर्षानुवर्षं पुढे सरकणारा पार्किन्सन्स आजार निराळा. दोहोंची सरमिसळ झाली की अर्धे गैरसमज तिथेच जन्माला येतात.

मग साध्या पार्किन्सन्समध्ये विषाणूचा काहीच हात नाही का? असू शकतो. डेन्मार्कमध्ये दहा हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2021 मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त आला. ज्यांना फ्लू झाल्याची नोंद होती, त्यांच्यात दहाहून अधिक वर्षांनी पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त दिसलं. तैवानमध्ये हेपॅटायटिस सी आणि पार्किन्सन्स यांचा संबंध दिसला, आणि त्या विषाणूवर इंटरफेरॉनचे उपचार घेतलेल्यांत पार्किन्सन्स कमी आढळला. विषाणूवाद्यांच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि तो मी लपवणार नाही. मात्र तिथे विषाणू रक्त तपासून सापडलेला होता, औषध त्याच विषाणूवर चालणारं होतं, आणि ते पार्किन्सन्स होण्याआधी दिलं होतं. तुळशीच्या काढ्याला यांतली एकही अट लागू होत नाही.

खरी मेख वेळेची आहे. हात थरथरायला लागतो तोवर डोपामिनच्या पेशींचा मोठा हिस्सा मेलेला असतो. वास जाणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं कधीकधी दहा-पंधरा वर्षं आधीपासून असतात. सुरुवातीला एखाद्या विषाणूने काडी लावली असेलही. आता त्याला मारून मेलेली पेशी उठत नाही. आग विझल्यावर काडेपेटी पाण्यात बुडवण्यासारखं आहे ते.

इथे कुणीतरी अमँटाडिनचं नाव काढतंच. ‘ते तर अँटिव्हायरल औषध, आणि पार्किन्सन्सला देतात!’ देतात, खरं आहे. 1966 मध्ये अमेरिकेत ते फ्लूच्या प्रतिबंधासाठी मंजूर झालं. 1968 मध्ये फ्लू होऊ नये म्हणून ते घेणाऱ्या एका पार्किन्सन्सग्रस्त बाईंना जाणवलं की आपला ताठरपणा आणि कंप कमी झालाय. औषध थांबवलं तर त्रास परत आला. डॉ. रॉबर्ट श्वाब आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये हे ‘जामा’त मांडलं. पण औषध थांबवताच लक्षणं परत आली, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. विषाणू मेल्याने बरं वाटलं असतं तर ते टिकलं असतं. अमँटाडिन मेंदूतल्या डोपामिन आणि ग्लुटामेट या रसायनांच्या कामात हस्तक्षेप करतं. विषाणूशी त्याचा इथे संबंध नाही.

आता जयपूरकडे. ‘नैसर्गिक अँटिव्हायरल’चा बोलबाला या शहराने फार जवळून पाहिलाय. 23 जून 2020 रोजी हरिद्वारला पतंजलीने कोविडवरचं औषध म्हणून ‘कोरोनिल’ बाजारात आणलं. आधार होता जयपूरच्या निम्स विद्यापीठात झालेल्या चाचणीचा, आणि दावा होता सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे झाल्याचा. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी तपशील मागवून जाहिरात थांबवायला सांगितलं. पुढे ती चाचणी ‘फायटोमेडिसिन’मध्ये छापून आली, तेव्हा दुसरा आकडाही दिसला: 100 रुग्णांपैकी ज्यांना औषधच दिलं नव्हतं, नुसतं प्लासिबो दिलं होतं, त्यांच्यातले 60 टक्के सातव्या दिवशी निगेटिव्ह झाले होते. लक्षणं नसलेला किंवा सौम्य कोविड बहुतेकांत आपोआप जातो. अशा आजारात मधे जे काही घ्याल, त्याला श्रेय मिळतं. पार्किन्सन्स आपोआप जात नाही. म्हणून ‘कोविडमध्ये काढ्याने फरक पडला, पार्किन्सन्समध्येही पडेल’ हे गणित मुळातच बसत नाही.

‘पण आमच्या काकांना खरंच बरं वाटलं!’ वाटलं असणार. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 2001 मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं की पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषध म्हणून निव्वळ प्लासिबो दिलं, तरी त्यांच्या मेंदूत डोपामिन स्रवतं. आशेने डोपामिन वाढतं, आणि नेमकं डोपामिनच कमी असलेला हा आजार. त्यामुळे इथे चार दिवसांच्या अनुभवावर विसंबणं इतर कुठल्याही आजारापेक्षा जास्त धोक्याचं.

एका वनस्पतीचा मात्र खरोखर उपयोग होतो, आणि म्हणूनच तिच्याबद्दल सावध करायला हवं. खाजकुयली. जयपूरच्या परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरातल्या, जडीबुटीवाल्याकडे कौंचबीज नावाने ती सहज मिळते. तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढल्याचं दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्येच प्रसिद्ध केलं. लंडनमधल्या एका लहान चाचणीत (2004) ती लेव्होडोपाच्या गोळीइतकीच परिणामकारक ठरली. म्हणजे ती चालते ती लेव्होडोपामुळे, विषाणू मारून नाही. तुमच्या सिंडोपा या लेव्होडोपाच्या गोळीत जे आहे तेच तिच्यात आहे, फक्त मोजमाप नाही. बियांतलं लेव्होडोपा ढोबळमानाने 4 ते 6 टक्के धरलं, तर पाच ग्रॅम चूर्णात 200 ते 300 मिलिग्रॅम झालं. सिंडोपा 110 च्या एका गोळीत ते 100 मिलिग्रॅम असतं. बाजारातल्या चूर्णात ते किती आहे, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. त्यात गोळीतलं दुसरं औषध, कार्बिडोपा, चूर्णातलं लेव्होडोपाही मेंदूपर्यंत पोचवायला मदत करतं. गोळीही चालू आणि चूर्णही चालू असेल तर अंग आपोआप वळवळणं, रक्तदाब घसरणं, भास होणं हे सगळं ओघाने आलं. ‘नैसर्गिक आहे, डॉक्टरांना काय सांगायचं’ या वाक्याने मला सर्वांत जास्त चीड येते.

गुळवेलही निरुपद्रवी नाही. 2020 च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पण 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतून 43 रुग्णांची नोंद पुढे आली.

आणि आयुर्वेदाच्या नावाने खडे फोडायचं कारण नाही. आयुर्वेद कंपवाताला वातव्याधी म्हणतो, विषाणूचा आजार नव्हे. जयपूरच्याच राष्ट्रीय आयुर्वेद संस्थानात हा विषय रीतसर शिकवला जातो. ‘अँटिव्हायरल काढा’ ही कल्पना ना चरकाची ना न्यूरॉलॉजिस्टची; ती बाटली विकणाऱ्याची आहे. मेंदूचे आजार बरे करण्याची जाहिरात करायला 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मनाई आहे, हेही त्याला माहीत असतं.

बाकीचे गैरसमज भराभर. पार्किन्सन्स संसर्गजन्य नाही. रुग्णाची ताट-वाटी वेगळी ठेवू नका. हात थरथरणारा प्रत्येक जण पार्किन्सन्सचा रुग्ण नसतो, आणि काही रुग्णांत कंप नसतोच. लेव्होडोपा ‘नंतरसाठी राखून’ ठेवल्याने काही वाचत नाही. नेदरलँड्समधल्या 2019 च्या चाचणीत लवकर सुरू केल्याने तोटा दिसला नाही. डाळ, पनीर, दूध यांतली प्रथिनं गोळीच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. डाळ सोडू नये.

कारणांचाच शोध घ्यायचा असेल तर विषाणूपेक्षा भक्कम पुरावे दुसरीकडे आहेत. फ्रान्सने 2012 मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. अमेरिकेतल्या कॅम्प लजून या लष्करी तळावर ट्रायक्लोरोएथिलिन या द्रावकाने दूषित पाणी प्यायलेल्यांत पार्किन्सन्सचा धोका 70 टक्के जास्त असल्याचं 2023 मध्ये दिसलं. फवारणी करताना तोंडाला फडकं बांधून भागवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यासाठी ही बातमी होती. ती कुणी फॉरवर्ड केली नाही.

घरात कुणी खाजकुयली, अश्वगंधा किंवा कुठलाही काढा घेत असेल, तर पुढच्या तपासणीला पुडी किंवा बाटली सोबत न्या आणि किती चमचे, किती वाजता, हे डॉक्टरांना सांगा. आणि काढ्याच्या भरवशावर लेव्होडोपाची गोळी एकाएकी बंद करू नका: त्याने अंग लाकडासारखं ताठरून तीव्र ताप येऊ शकतो, आणि ती अवस्था जीवघेणी ठरू शकते.